छुपा रुस्तम!

दिसायला पार्लरमधल्या रॅकच्या काठीसारखा, किंमत महिन्याच्या पगाराएवढी. साध्या कस्टम क्यूमागचा फंडा नेमका आहे तरी काय?

शुक्रवारी रात्री आठनंतर सिडको, उस्मानपुरा नाहीतर जालना रोडवरच्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये डोकवा. वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांची आयकार्डं अजून गळ्यात लटकतायत, शर्ट बाहेर आलाय, बॉसचा फोन सायलेंटवर. यातले बहुतेक जण रॅकमधला हाताला येईल तो क्यू उचलतात आणि खेळायला लागतात. पण अधूनमधून एखादा हीरो खांद्याला लांबट काळी बॅग अडकवून एंट्री मारतो. अख्खं पार्लर वळून बघतं. चेन उघडते, दोन तुकडे बाहेर येतात, स्क्रू फिरवून जोडले जातात. मागच्या भागावर आगीच्या ज्वाळा, कवट्या, ड्रॅगन, शिंपल्याची चमचम. टशन एकदम फुल्ल टू! मग ब्रेक होतो, आणि पांढरा बॉल टेबलावरून उडी मारून शेजारच्यांच्या कोल्ड्रिंकपाशी जाऊन थांबतो.

हे दृश्य इतक्या वेळा पाहिलंय, की माझा एक मित्र स्वतःचा क्यू घेणार असं म्हणाला तेव्हा मी आधी ड्रॅगनच डोळ्यांसमोर आणला. हा मित्र वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आमच्या ग्रुपमध्ये त्याला सगळे ‘क्वालिटीवाला’च म्हणतात, म्हणून इथेही तेच. गेली तीन वर्षं आठवड्यातून चार दिवस तो खेळतोय. बजेट पस्तीस हजार. घरी सांगितल्यावर त्याच्या वडिलांची प्रतिक्रिया ऐतिहासिक होती : ‘‘पस्तीस हजारांची काठी? तुझ्या आजोबांची बाभळीची होती. तीस वर्षं टिकली, वर कुत्री पण हाकलली.’’

त्याच्यासमोर दोन पर्याय होते. एक, ऑनलाइन मिळणारा रेडीमेड क्यू. काळाभोर, शिंपल्याचं नक्षीकाम, फोटोत जाम भारी. दुसरा, अमेरिकेतल्या एका छोट्या कारागिराने मापं घेऊन बनवलेला कस्टम क्यू. त्याचा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, दिवाळीला येताना घेऊन येणार. अडचण एवढीच, की अर्धे पैसे आधी, बनायला सहा महिने, हातात घेऊन बघायची सोय नाही आणि परत घेणार नाही. बरं, एवढं करून मिळणारा क्यू कसा दिसणार? हुबेहूब रॅकमधल्या काठीसारखा. ‘‘डोकं फिरलंय का तुझं?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘तू लिही याच्यावर. तोपर्यंत मला पण कळेल.’’

रॅकमधल्या काठीचा जुळा भाऊ

अशा क्यूला अमेरिकेत ‘स्नीकी पीट’ म्हणतात. आपल्याकडचा नेमका शब्द म्हणजे छुपा रुस्तम. तिकडे बारमध्ये पूलवर पैजा लावून पोट भरणारी हसलर मंडळी असायची. त्यांनी नक्षीदार क्यू बाहेर काढला, की समोरचा सावध होणार आणि पैज लावायलाच तयार होणार नाही. म्हणून त्यांना असा क्यू हवा असायचा, जो लांबून पाहिला तर बारमधलाच वाटेल, पण खेळेल मात्र आपल्या हाताला बसलेल्या क्यूसारखा. (पैजा-बिजा आपल्याला नकोत, पण आयडिया सही होती.)

याची बनावट मजेशीर आहे. रॅकमधल्या चांगल्या क्यूचा मागचा भाग नीट बघा. गडद लाकडात फिकट लाकडाची टोकदार पाती घुसलेली दिसतील. ती नुसती शोभा नसते. दोन लाकडं बोटांत बोटं अडकवावीत तशी एकमेकांत बसवून चिकटवलेली असतात आणि त्यामुळे जोड भक्कम होतो. स्नीकी पीट करणारा असंच जोडलेलं लाकूड घेतो, मधोमध स्क्रूचा सांधा देतो आणि पुढे स्वतः लेथवर उतरवलेला शाफ्ट लावतो. सांध्याला धातूची चकचकीत रिंग नाही, पकडीला दोरा गुंडाळलेला नाही. लाकडाला लाकूड असं टेकतं, की घट्ट बसवल्यावर सांधा शोधावा लागतो.

आणि हा काही गरिबांचा जुगाड नव्हे. क्यूच्या दुनियेत जॉर्ज बालाबुश्का हे नाव व्हायोलिनवाले स्ट्रॅडिव्हेरियसचं घेतात तसं घेतलं जातं. रशियात जन्मलेला, १९२४ मध्ये अमेरिकेत आलेला हा सुतार १९५९ च्या सुमारास क्यू बनवायला लागला आणि १९७५ मध्ये गेला. सुरुवात त्याने कशापासून केली? ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ नावाच्या साध्या, पार्लरमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्यूंच्या लाकडापासून! त्याचे बहुतेक क्यू आजच्या मानाने साधेच. चार पाती, रंगीत लाकडाच्या बारीक रेघा, पकडीला आयरिश लिननचा दोरा, बस्स. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द कलर ऑफ मनी’ (१९८६) मध्ये पॉल न्यूमन टॉम क्रूझला जो ‘बालाबुश्का’ देतो, त्याने हे नाव घराघरांत नेलं. गंमत म्हणजे पडद्यावर दिसणारा क्यू बालाबुश्काचा नाहीच. तो ‘जॉस’ या कंपनीचा, तसा दिसणारा. खराखुरा शूटिंगमध्ये आपटायला कोण देणार?

नक्षी मागे, खेळ पुढे

क्वालिटीवाल्याचं मन वळलं ते इतिहासाने नाही, फिजिक्सने.

तुम्ही पांढऱ्या बॉलला डावीकडे किंवा उजवीकडे मारता, म्हणजे आपल्या भाषेत ‘साइड’ देता, तेव्हा बॉल निशाण्याच्या सरळ रेषेत जात नाही. उजवीकडे मारलं तर किंचित डावीकडे सरकतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. आपले निम्मे सोपे पॉट इथेच हुकतात आणि आपण टेबलाला शिव्या देतो. हा सरकण्याचा आकडा मुख्यतः ठरतो तो क्यूच्या पुढच्या टोकाच्या वजनावर. टिपपासून मागे वीतभर, फार तर थोडं जास्त, एवढ्याच लाकडाचा हा मामला. पुढचं टोक हलकं, तर बॉल कमी सरकतो. १९९० च्या दशकात ‘प्रेडेटर’ या अमेरिकन कंपनीने याच तत्त्वावर कमी डिफ्लेक्शनचे शाफ्ट काढले आणि आता तर काळ्या कार्बन फायबरचे शाफ्ट आलेत.

आता नक्षी कुठे असते? पार मागे, पकडीच्या आसपास. म्हणजे ज्या ड्रॅगनसाठी तुम्ही पंधरा हजार जास्त मोजता, तो बॉलपासून चार फूट लांब बसलेला असतो. त्याला खेळातलं काही कळत नाही!

एकाच कारागिराचा साधा क्यू आणि नक्षीदार क्यू यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असू शकतो. तो फरक असतो शिंपले कोरून बसवण्याच्या तासांचा आणि मेहनतीचा. कला म्हणून त्याला सलाम, भिंतीवर लावायला मस्त. पण पुढचा शाफ्ट बहुधा दोन्हींना सारखाच असतो. (जुन्या नक्षीदार क्यूंमध्ये हस्तिदंतही वापरलेला असतो. असा क्यू कुणी विकायला आणला तर चार हात लांब राहा, आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार सरळसरळ बेकायदा आहे.)

पैठणीच्या गावापासून तासाभरावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नसावी. हातमागावरची पैठणी घेताना आपली आजी पदर उलटा करून बघते, कारण खरी गोष्ट मागच्या बाजूला कळते. क्यूचं उलटं. खरी गोष्ट पुढे असते, आणि लोक मागेच बघत बसतात.

तसं पाहिलं तर हा नक्षीचा सोस पूलवाल्यांचाच. स्नूकर आणि बिलियर्ड्समध्ये साधेपणा हीच फॅशन. पुढे बाणासारख्या रेषा असलेला अॅश, मागे काळा एबनी, संपलं. हे दोन्ही खेळ आपल्याकडे मुरलेले आहेत. स्नूकर जन्मलंच मुळी १८७५ मध्ये जबलपूरच्या ऑफिसर्स मेसमध्ये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. आणि स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात स्नूकरच्या सात जागतिक विजेतेपदांवर नाव कोरलं, ते पोरवयात घेतलेल्या, चाळीस पौंडांच्या साध्या क्यूने. इंग्लंडात त्याहून महागडे क्यू तेव्हाही ढिगाने मिळत होते.

वजनकाटा, व्हर्निअर आणि चाचा

तरीही प्रश्न उरतोच. हातात न घेता, सहा महिने आधी क्यू ऑर्डर कसा करायचा?

इथे आमच्या क्वालिटीवाल्याने जे केलं त्याला मी मानलं. आमच्या पार्लरच्या रॅकमध्ये क्यूंवर मार्कर पेनने नंबर टाकलेत. त्यातला सात नंबर त्याचा लाडका. सात नंबर दुसऱ्याने उचलला असेल, तर हा पठ्ठ्या वाट बघत बसतो. एका रविवारी सकाळी तो आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, व्हर्निअर आणि मोजपट्टी घेऊन पार्लरमध्ये हजर झाला. पार्लर सांभाळणारे चाचा चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. आधी स्नूकरच्या टेबलावर मार्कर होते, गुण मांडायचे, आता टिपा बदलतात आणि पोरांना ओरडतात.

‘‘क्या कर रा बेटे? पोस्टमॉर्टेम?’’

‘‘चाचा, सात नंबरची कुंडली काढतोय.’’

वजन निघालं ५४० ग्रॅम, म्हणजे साधारण १९ औंस. पूलचे क्यू बहुतेक १८ ते २१ औंसांचे असतात, त्यामुळे अगदी मधलं. टिपची रुंदी १२.८ मिलिमीटर. क्यू बोटावर आडवा तोलून धरला, तर मागच्या टोकापासून साडेअठरा इंचांवर स्थिर राहतो. हा तोल महत्त्वाचा, कारण दोन क्यूंचं वजन सारखं असूनही पुढे झुकणारा क्यू जड वाटतो. मग टिपपासून दर दोन इंचांवर व्हर्निअर लावून जाडी मोजली. पहिले बारा इंच जाडी जवळजवळ तेवढीच, मग हळूहळू वाढत गेलेली. क्यू डाव्या हाताच्या बोटांतून पुढेमागे सरकतो तेव्हा तो फुगत गेल्यासारखा का वाटत नाही, याचं उत्तर या बारा इंचांत होतं.

हे सगळे आकडे अमेरिकेला व्हॉट्सअॅप झाले. उत्तरात कारागिराने दिसण्याबद्दल एक शब्दही काढला नाही. हाताला घाम येतो का? क्यू बोटाच्या कड्यातून सरकवतोस की अंगठ्याच्या खाचेतून? साइड किती वापरतोस? टेबलं कुठली? रेडीमेड विकणाऱ्याने मात्र पहिल्याच मेसेजमध्ये विचारलं होतं, ‘‘सर, कलर कौनसा चाहिए?’’ माझ्या मते निर्णय तिथेच झाला होता.

मग पैशांचा हिशेब. पस्तीस हजारांत साधा स्नीकी पीट आणि वर त्याच मापाचा एक जादा शाफ्ट बसत होता. नक्षी घेतली असती, तर जादा शाफ्ट गेला असता. आणि रोज खेळणाऱ्याचा शाफ्टच झिजतो, वाकतो, त्याला टोले पडतात. मागचा भाग वर्षानुवर्षं तसाच राहतो.

लाकडाचे फोटो आले तेव्हा मात्र क्वालिटीवाला गडबडला. शाफ्टसाठी उत्तर अमेरिकेतलं हार्ड मेपल वापरतात. एक तुकडा दुधासारखा पांढरा होता, पण त्याच्या रेषा अर्ध्यावर तिरक्या होऊन बाहेर पळत होत्या. दुसऱ्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आणि दाट, पण मध्ये दोन-तीन तपकिरी डाग. डागवाला तुकडा स्वस्तही होता. फोटो चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल लांब धरला.

‘‘ये वाला लो. लाइनां देखो, कैसे सीध्या जा रे.’’

‘‘पण चाचा, हे डाग?’’

‘‘झाड का तिल है बेटे, खेल पे कुछ असर नै. लकडी देखो, मेकअप नक्को देखो.’’

अमेरिकेतल्या कारागिराचं मतही शब्दशः तेच निघालं, फक्त इंग्रजीत. डाग झाडाच्या रसाचे, खनिजांचे, त्यांनी लाकूड कमजोर होत नाही. तिरक्या पळणाऱ्या रेषा मात्र पुढे वाकायचं आमंत्रण. चांगला कारागीर शाफ्ट एका दमात उतरवत नाही. लेथवर थोडा घेतो, महिनोन्महिने टांगून ठेवतो, वाकलाच तर बाजूला काढतो, नाहीतर पुन्हा थोडा घेतो. सहा महिने लागतात ते यासाठी. आपण पैसे मोजतो ते खरंतर या टांगून ठेवण्याचे.

बेचाळीस डिग्रीतलं मेपल

क्यू दिवाळीत आला. विमानात केबिनमध्ये पूल क्यू चालत नाही, चेक-इनच करावा लागतो, म्हणून चुलतभावाला कडक पेटी आधीच घ्यायला लावली होती. या बाबतीत हेंड्रीची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सात विजेतेपदं जिंकून देणारा त्याचा तो चाळीस पौंडी क्यू २००३ मध्ये विमानप्रवासात सामानात मोडला. त्यानंतर जागतिक विजेतेपद त्याच्या वाट्याला आलं नाही. (क्यूमुळेच, असं मी म्हणत नाही. पण तो गेल्याचं दुःख त्याने कधी लपवलं नाही.) तेव्हा पेटीत दोन हजार जास्त घाला आणि निवांत झोपा.

क्वालिटीवाल्याने अपेक्षेप्रमाणे पहिल्याच दिवशी क्यू कंपनीत नेऊन व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि डायल गेज लावला. चाचांची तपासणी जास्त सोपी होती. टेबलावर गोल फिरवून बघणं त्यांना फारसं पटत नाही, कारण क्यू निमुळता असतो, मध्ये उजेड दिसणारच आणि नवखे घाबरतात. त्यांनी क्यू बंदुकीसारखा डोळ्याला लावला, हळूहळू फिरवला. मग मागचं टोक हळूच जमिनीवर आपटून कान दिला. कुठे खडखड नाही, म्हणजे सांधा आणि चिकटवण ठीक. शेवटी पांढरा बॉल बरोबर मध्यावर मारून समोरच्या गादीवरून परत आणला. बॉल येऊन टिपलाच टेकला. ‘‘हौ. चलेगा,’’ एवढंच बोलले. चाचांकडून हे म्हणजे ऑस्कर!

पण लगेच धुवाधार खेळ सुरू झाला असं समजू नका. पहिले पंधरा दिवस तो सात नंबरपेक्षा वाईट खेळला. तीन वर्षांत डोळ्याने जुन्या क्यूच्या डिफ्लेक्शनचा हिशेब मनात बसवून टाकलेला असतो, नवा क्यू तेवढा सरकवत नाही, त्यामुळे साइड दिलेला प्रत्येक शॉट उलट्या बाजूला चुकत होता. घरी वडिलांच्या कानावर ते गेलंच. ‘‘बाभळीची घेतली असती,’’ वगैरे वगैरे. महिनाभराने हिशेब बसला. आता लांबचे पॉट साइडसकट जातात. मी त्याच्यासोबत खेळायचं सोडून स्कोअर लिहायला लागले आहे.

आपल्या गावात क्यू सांभाळणं हा मात्र वेगळा चॅप्टर. मे महिन्यात पारा बेचाळीसवर आणि हवा कोरडी ठक्क, जुलैत भिंतींना ओल. लाकूड दोन्हीला प्रतिसाद देतं. म्हणून गाडीच्या डिकीत ठेवणं बंद, भिंतीला तिरका टेकवून ठेवणं बंद, माळ्यावर पत्र्याखाली तर नकोच. सांधा सोडवून पेटीत, पेटी कपाटात. शाफ्टवर खडूचा निळा थर बसला, तर किंचित ओलसर कपड्याने पुसून लगेच कोरडा करायचा, सँडपेपर मारायचा नाही. सँडपेपरने दर वेळी लाकूडच जातं आणि ज्या मापासाठी पैसे मोजले ते माप वर्षभरात बदलतं. टिप चामड्याची, झिजणारच. ती वेळेवर बदला आणि घुमट नाण्याच्या गोलाईचा ठेवा. सपाट झालेल्या टिपवर खडू कितीही घासा, मिसक्यू होतोच.

छुप्या रुस्तमचा एक तोटा मात्र कुणीच सांगत नाही. मागच्या महिन्यात क्वालिटीवाला फोन घ्यायला बाहेर गेला आणि जाताना क्यू सवयीने रॅकला लावून गेला. परत आला तर क्यू गायब. दोन नंबरच्या टेबलावर कॉलेजची चार पोरं ब्रेक करत होती आणि त्यातला एक जण मित्राला सांगत होता, ‘‘भाई, आज की काडी एकदम सही मिली.’’ चाचांनी क्यू काढून आणून दिला, वर मार्कर पेन पुढे केलं : ‘‘नंबर डाल दूँ क्या?’’